जुना ट्रक ट्रेलर ओढेना, म्हणून थेट इंजिनच बदलायचं? आधी हा घाटाचा हिशोब बघा

इन्स्टावर गाड्यांची रील्स बघत असाल, तर हे रील तुमच्याही समोर आलं असेल. अमेरिकेतलं एखादं गॅरेज, तीस वर्षांपूर्वीचा रंग उडालेला पिकअप ट्रक, साखळीच्या कप्पीला लटकलेलं इंजिन. तीस सेकंदांत जुनं इंजिन बाहेर, भंगारातून आणलेलं दुसरं आत, आणि शेवटी मोठ्ठा आवाज. खाली कॉमेंट ठरलेली असते, "एलएस स्वॅप केला का?"

हा एलएस स्वॅप काय असतो, तो कुणाला परवडतो आणि मुख्य म्हणजे त्यानं ट्रेलर खरंच जास्त ओढला जातो का, हे मात्र त्या तीस सेकंदांत कुणी सांगत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे पिकअप म्हटलं की टोमॅटोचे कॅरेट भरलेली गाडी डोळ्यासमोर येते. अमेरिकेत पिकअप ही घरातली गाडी असते. त्याच गाडीमागे हुक लावून कुणी बोट नेतं, कुणी घोड्यांचा ट्रेलर, कुणी सुट्टीत राहायचं चाकांवरचं घर. नवा पिकअप ४०-५० हजार डॉलरच्या पुढे जातो. त्यामुळे ज्याचं बजेट कमी आहे, तो नव्वदच्या दशकातला ट्रक घेतो आणि त्यावर भागवतो. मग पहिल्याच घाटात गाडीचा दम निघतो आणि डोक्यात किडा वळवळायला लागतो, इंजिन बदलूया.

घाट चढायला किती ताकद लागते?

उदाहरण म्हणून १९९४ चा शेवरले पिकअप घेऊ. यात ५.७ लिटरचं, आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन असायचं. तिकडचे लोक त्याला क्युबिक इंचाच्या मापावरून 'थ्री फिफ्टी' म्हणतात. ताकद सुमारे २१० एचपी, टॉर्क सुमारे ४०० न्यूटन मीटर. माणसं आणि सामानासह ट्रक २२०० किलो, मागचा ट्रेलर २३०० किलो, असं धरू. म्हणजे एकूण साडेचार टन.

आता सहा टक्क्यांचा चढ. म्हणजे १०० मीटर पुढे गेलात की ६ मीटर वर. साडेचार टनाला हा चढ ताशी ९० किमीनं चढवायचा, तर नुसतं वर उचलायला जवळपास ९० एचपी लागतात. चाकांवरच्या घराचं तोंड म्हणजे सपाट भिंतच, ती वाऱ्याला अडते. त्याचे आणखी ५० च्या आसपास. टायरच्या घर्षणाचे १५-२०. इंजिनापासून चाकापर्यंत ताकद पोचताना गिअरबॉक्स आणि मागच्या अ‍ॅक्सलमध्ये काही वाया जाते, ती धरली की इंजिनाकडून १९० एचपी मागावे लागतात. आपल्याकडे आहेत २१०, तेही इंजिन नवं असताना आणि मिनिटाला चार हजार फेरे फिरत असताना.

हाच चढ ताशी ७० किमीनं चढलात तर? वजन तेच, चढ तोच, पण लागतात साधारण १३० एचपी. वेग वीसनं कमी केला की ताकदीची गरज जवळपास एक तृतीयांश कमी होते, कारण वर उचलण्याचा दर मंदावतो आणि वाऱ्याचा विरोध तर त्याहून झपाट्यानं उतरतो.

यात उंचीही धरावी लागते. कोलोरॅडो राज्यात इंटरस्टेट ७० या महामार्गावर आयझेनहॉवर बोगदा आहे, समुद्रसपाटीपासून ११ हजार फुटांहून वर. तिथं हवा विरळ. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के ताकद गमावतं. म्हणजे आपले २१० एचपी बोगद्यापाशी पोचेपर्यंत दीडशेच्याही खाली आलेले असतात. ट्रक तिथं ७० च्या वर जायला तयार नसतो. त्यात इंजिनाचा काही दोष नसतो. त्याला आत ओढायला हवाच कमी मिळते.

समजा, खर्च करून २८५ एचपीचं इंजिन बसवलं. त्या उंचीवर त्याचेही १९०-२०० उरतील. म्हणजे ७० ऐवजी ९० नं चढता येईल. दहा किलोमीटरचा चढ असेल तर आधी साडेआठ मिनिटं लागायची, आता पावणेसात लागतील. वाचले किती? दोन मिनिटंही नाहीत.

हे कुणाला कमी वाटेल, कुणाला पुरेसं. पण पैसे नक्की कशासाठी मोजतोय, हे आधी कळलेलं बरं.

इंजिनावर आळ घेण्याआधी

गाडी ओढत नाही म्हणून आलेल्या जुन्या ट्रकात बऱ्याचदा इंजिन ठीक असतं आणि दुसरंच काहीतरी बिघडलेलं असतं. सायलेन्सरच्या वाटेतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून वितळून चोंदला की इंजिनाला धूर बाहेर टाकता येत नाही. रिकामी गाडी बरी पळते, ओझं आलं की गळा दाबल्यासारखी होते. पेट्रोल पंप म्हातारा झाला की सपाटीला पुरेल इतकं इंधन देतो, चढावर कमी पडतो. टायमिंग मागं पडलेलं असतं. रेडिएटरच्या पंख्याचा क्लच घसरत असतो, म्हणून गाडी घाटात तापते आणि मालक म्हणतो इंजिन गेलं.

हे सगळं तपासायला एक प्रेशर गेज, एक व्हॅक्यूम गेज आणि अर्धा दिवस लागतो. सोबत प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्यायचं. आठही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ असतील आणि ऑइलचं प्रेशर चांगलं असेल, तर इंजिन बाहेर काढायची घाई कशाला?

माझ्या मते यानंतर हात घालायची जागा बोनेटखाली नसून मागच्या चाकांच्या मधे आहे. आपले मेस्त्री ज्याला क्राउन-पिनियन म्हणतात, तो दातेरी चाकांचा जोड. या शेवरलेमध्ये तो ३.०८, ३.४२, ३.७३, ४.१० अशा वेगवेगळ्या प्रमाणांत यायचा. ३.४२ म्हणजे मागचं चाक एकदा फिरायला गाडीखालचा लांब शाफ्ट ३.४२ वेळा फिरतो. आकडा मोठा, तर ओढ जास्त. तुमच्या ट्रकात कुठला आहे, हे समोरच्या कप्प्याच्या झाकणाआतल्या स्टिकरवर कोडमध्ये लिहिलेलं असतं. जीयू६ असेल तर ३.४२, जीटी४ असेल तर ३.७३, जीटी५ असेल तर ४.१०.

३.४२ काढून ४.१० बसवला की चाकावरचा टॉर्क त्याच गिअरमध्ये जवळपास २० टक्के वाढतो. यात ताकद नवी तयार होत नाही, हे खरं. पण तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ९० ला जे इंजिन २१०० फेऱ्यांवर रखडत होतं, ते आता २५०० वर फिरतं. त्या फेऱ्यांवर ते ११५ ऐवजी १४० च्या पुढे एचपी देतं आणि सारखा गिअर खाली टाकावा लागत नाही. कंपनीच्या जुन्या पुस्तिकांमध्येही एकाच इंजिनाच्या ट्रकला अ‍ॅक्सलच्या आकड्यानुसार वेगवेगळी ओढण्याची मर्यादा दिलेली असायची.

तोटे? रिकाम्या गाडीला हायवेवर पेट्रोल जास्त लागतं, स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवायला लागतो आणि तो जुळवून घ्यावा लागतो. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर पुढचा जोडही बदलावा लागतो, म्हणजे खर्च दुप्पट. तरी इंजिन बदलण्याच्या मानानं हे काम लहान.

दुसरी स्वस्त गोष्ट म्हणजे गिअरबॉक्सच्या ऑइलसाठी वेगळा कूलर. या ट्रकांतला चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ओझ्याखाली तापला की त्याच्या क्लचपट्ट्या जळतात. ट्रेलर मागे असताना ओव्हरड्राइव्ह बंद करून तिसऱ्यातच चालवणं हा तर फुकटचा उपाय आहे. बटण दाबायचं किंवा दांडी एक घर मागे ओढायची, बस्स.

इंजिन खरंच गेलं असेल तर

कधीकधी आतून ठोके येतात, ऑइल पाण्यात मिसळतं, दोन सिलिंडरमध्ये कॉम्प्रेशनच उरलेलं नसतं. मग पर्याय उघडतात, आणि इथंच बजेटचा कस लागतो.

सगळ्यात कमी डोकेदुखीचा मार्ग म्हणजे तेच इंजिन परत. एक तर आपलंच खोलून बोअर करायचं, नवे पिस्टन-रिंगा-बेअरिंग घालायचे, नाहीतर कारखान्यात पूर्ण दुरुस्त करून आलेलं त्याच जातीचं इंजिन घ्यायचं. वायरिंग तेच, माउंटिंग तेच, सायलेन्सर तोच. जमणारा माणूस शनिवार-रविवारात बसवू शकतो. पैसे थोडे जास्त असतील तर त्यातच सुधारणाही होते. १९९६ पासून याच इंजिनाला 'व्होर्टेक' नावाचे नवे हेड आले आणि ताकद २५५ एचपीच्या आसपास गेली. ते हेड जुन्या ब्लॉकवर बसतात. मात्र त्यांना वेगळा इनटेक मॅनिफोल्ड लागतो आणि कॉम्प्युटरची चिपही नव्यानं जुळवावी लागते.

आता रीलमधला तो प्रसिद्ध एलएस. जनरल मोटर्सनं १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये 'एलएस१' नावाचं नवं इंजिन आणलं. १९९९ पासून त्याच घराण्यातली ४.८, ५.३ आणि ६.० लिटरची इंजिनं पिकअपमध्ये आली. ५.३ तर इतक्या गाड्यांत गेलं की अमेरिकेतल्या कुठल्याही भंगारवाड्यात ते सापडतं आणि काही शे डॉलरला हातात येतं. वर्षानुसार ताकद २७० ते २९५ एचपी. गिअरबॉक्सला जोडायच्या बोल्टची मांडणीही बरीचशी जुन्या इंजिनासारखीच. त्यामुळे एलएस कुठल्याही गाडीत घाला, हा तिकडे विनोदच होऊन बसलाय.

पण इंजिन स्वस्त मिळतं म्हणून स्वॅप स्वस्त होत नाही. जुन्या ट्रकचा पेट्रोल पंप १० ते १३ पीएसआय प्रेशर देतो, ५.३ ला साधारण ५८ लागतं. म्हणजे पंप बदला, लाइन बदला. वायरिंगचा अख्खा गुंता नवा. कॉम्प्युटर नवा आणि त्यातलं चोरीविरोधी लॉक काढून तो प्रोग्रॅम करून घ्यायचा. माउंटिंगच्या पट्ट्या, एक्झॉस्ट, रेडिएटरचे पाइप, जुन्या गिअरबॉक्सशी जोडायला मधला स्पेसर. यातल्या प्रत्येक वस्तूचं बिल लहान असतं, पण एकूण बेरीज इंजिनाच्या किमतीला कधीच मागे टाकते. अर्धवट सोडलेला प्रकल्प म्हणून विकायला काढलेले ट्रक बघितले की कळतं, लोक अडकतात ते बहुतेक याच टप्प्यावर.

शिवाय ५.३ ला सर्वाधिक टॉर्क मिळतो ४००० फेऱ्यांवर. जुन्या ५.७ ला तो २४०० ते २८०० मध्येच मिळायचा. नव्या इंजिनाला फिरवावं लागतं, म्हणजे पुन्हा गिअरचा प्रश्न आला. आणि गिअरबॉक्स जुनाच ठेवला तर पुढची जळकी वस्तू कोणती असेल, हे वेगळं सांगायला नको.

कमिन्स म्हणजे आपलं कर्वेनगरवालंच

ट्रेलर ओढणाऱ्यांचं स्वप्नातलं इंजिन मात्र वेगळं आहे. कमिन्सचं ५.९ लिटरचं, सहा सिलिंडरचं डिझेल. १९८९ मध्ये ते डॉज रॅम पिकअपमध्ये आलं तेव्हा त्याची ताकद होती फक्त १६० एचपी. पण टॉर्क ५४० न्यूटन मीटर, आणि तोही १७०० फेऱ्यांच्या आत. टर्बो असल्यामुळे उंचीवर पेट्रोल इंजिनाइतकं ते मलूल होत नाही. १९९८ पर्यंतच्या या 'बारा व्हॉल्व्ह'वाल्या इंजिनांमध्ये इंधन सोडायला कॉम्प्युटर नाही, सगळं यांत्रिक. म्हणून दुसऱ्या गाडीत बसवायला ते आवडतं.

पुण्यातल्या वाचकांना हे नाव नवं नाही. किर्लोस्कर कमिन्स १९६२ मध्ये पुण्यात सुरू झाली, कर्वेनगरचं मुलींचं कमिन्स कॉलेजही त्याच नावाचं. आणि गंमत म्हणजे टाटा कमिन्सनं जमशेदपूरला याच घराण्यातलं ५.९ लिटरचं इंजिन बनवलं आणि ते टाटाच्या कितीतरी मालट्रकांत बसलं. टेक्सासमधला माणूस ज्या इंजिनासाठी जिवाचं रान करतो, त्याचा सख्खा भाऊ आपल्या हायवेवर वर्षानुवर्षं कांदे वाहत होता.

पण मालट्रकाचं इंजिन पिकअपमध्ये घालायचं म्हणजे वजन आलंच. हे इंजिन साधारण ५०० किलोचं, शेवरलेचं ५.७ त्याच्या निम्म्याच्या आसपास. पुढच्या अ‍ॅक्सलवर एकदम सव्वादोनशे-अडीचशे किलो वाढतात. स्प्रिंगा बदला, स्टीअरिंगचे जोड तपासा, गिअरबॉक्स तर बदलायलाच हवा. कमी बजेटवाल्यानं यात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा मुळात कमिन्स असलेला जुना रॅमच शोधावा.

चढणं राहू द्या, उतरणार कसं?

रीलमध्ये गाडी कायम चढताना दाखवतात. दहा किलोमीटरचा तोच उतार साडेचार टनांनिशी उतरायचा म्हणजे ६०० मीटर उंचीची सगळी ऊर्जा कुठंतरी जिरवायची. ती किती असते? ऐंशी लिटर थंड पाणी उकळायला जितकी उष्णता लागेल, तितकी. ही उष्णता ब्रेकनं एकट्यानं घेतली तर ड्रम लाल होतात, लायनर चकाकतात आणि पॅडल पायाखाली मऊ पडतं. खंबाटकी किंवा बोरघाटात ब्रेक फेल झाल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यांच्यामागचं भौतिकशास्त्र हेच. म्हणून गिअर खाली टाकून इंजिनानं गाडी धरायची असते, आणि डिझेल वाचवायला न्यूट्रलवर उतरणं म्हणजे तो आधार स्वतःच काढून टाकणं. कोलोरॅडोच्या त्या महामार्गावर ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी बाजूला खडी भरलेले चढ मुद्दाम बांधलेत.

यातही एक मेख आहे. जुन्या डिझेल इंजिनात हवा अडवणारी झडप नसते, त्यामुळे पाय काढल्यावर ते पेट्रोल इंजिनाइतकं गाडीला धरत नाही. कमिन्सवाल्याला वेगळा एक्झॉस्ट ब्रेक बसवून घ्यावा लागतो. ताकद वाढवली आणि थांबणं अवघड झालं, असा हा प्रकार.

ट्रकच्या दाराच्या चौकटीवर कंपनीचं स्टिकर असतं. गाडीचं भरलेलं वजन जास्तीत जास्त किती, हे त्यावर लिहिलेलं असतं. ट्रेलर किती ओढायचा ते पुस्तिकेत. हे आकडे फ्रेम, स्प्रिंगा, अ‍ॅक्सल, ब्रेक, कूलिंग या सगळ्यांवरून ठरतात. बोनेटखाली तुम्ही काहीही घातलंत तरी ते आकडे बदलत नाहीत. म्हणून बजेटमधले पहिले पैसे ट्रेलरच्या स्वतःच्या ब्रेकवर जायला हवेत. अमेरिकेत ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतात आणि ड्रायव्हरसमोर एक छोटा कंट्रोलर. बऱ्याच राज्यांत ट्रेलर ३००० पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे १३६० किलोंपेक्षा जड असेल तर ते कायद्यानंच लागतात. आणि ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकवर यायला हवा. सामान मागच्या बाजूला भरलं की ट्रेलर शेपटासारखा हलायला लागतो, मग २८५ एचपी काही कामाचे नाहीत.

कायदा तिकडचा आणि इकडचा

अमेरिकेतही मनाला येईल ते इंजिन घालता येत नाही. प्रदूषणाच्या नियमांनुसार नवं इंजिन ट्रकच्या वर्षाचं किंवा त्यानंतरचं हवं, आणि त्यासोबत आलेली प्रदूषण रोखणारी सगळी यंत्रणा बसवावी लागते. कॅलिफोर्नियात तर असा बदल केलेली गाडी खास तपासनिसाकडे न्यावी लागते. स्वॅप झाला, पण गाडी पासिंगलाच अडकली, असं तिथंही होतं.

आपल्याकडे कुणी रील बघून जुन्या पिकअपमध्ये दुसऱ्या गाडीचं इंजिन घालायचं मनात आणलं असेल, तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ बघा. नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलांशी आणि कंपनीच्या मूळ रचनेशी न जुळणारा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलं. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन बसवणं हा वेगळा विषय आहे. त्यासाठी आरटीओची मंजुरी घ्यायची आणि आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्यायचा. दहा किंवा त्याहून जास्त व्यावसायिक वाहनं असलेल्या मालकाला राज्य सरकार आधी मंजुरी न घेताही असं इंजिन बदलायची मुभा देऊ शकतं, पण बदल केल्यापासून चौदा दिवसांत त्यालाही आरटीओला कळवावं लागतं. जुन्या बाजारातून इंजिन आणणार असाल, तर त्याच्या खरेदीची पावती आणि ते ज्या गाडीतून निघालं तिचे कागद पैसे देण्याआधीच हातात घ्या, कारण आरटीओच्या खिडकीवर आणि विम्याच्या क्लेमच्या वेळी सगळ्यात आधी तो ब्लॉकवरचा नंबरच बघितला जातो.